हलाखीचा फोटो कोणाच्या कामाचा?

नांदेडहून हिंगोलीकडे निघालेली गाडी अर्धापूर मागे टाकून साधारण चाळीस किलोमीटरवर वारंगा फाट्याला येते आणि तिथे रस्त्याला दोन वाटा फुटतात. एक कळमनुरी, हिंगोली, वाशीम करत अकोल्याला जाते. दुसरी हदगाव, उमरखेड, यवतमाळवरून नागपूरच्या अंगाला. सरकारी नकाशात हे राष्ट्रीय महामार्ग १६१ आणि ३६१. प्रवाशांच्या लेखी मात्र हा कळमनुरी तालुक्यातला खिचडीचा फाटा. रात्री-अपरात्री ट्रॅव्हल्स थांबते, लोक डोळे चोळत उतरतात, गरम खिचडी खातात आणि पुन्हा सीटवर जाऊन झोपतात.

खाणाऱ्यांच्या पाठीमागून जे जात असते, त्याकडे फारसे कोणी बघत नाही. अर्धापूर-डोंगरकडा पट्ट्यातली केळी, हिंगोली आणि वसमतच्या बाजाराकडे निघालेली हळदीची पोती, सोयाबीनचे टेम्पो, दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघालेल्या ऊसतोडीच्या टोळ्या. ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, एखादी शेळी, त्यावर गोधड्या आणि गोधड्यांवर पोरे. तंगीचे दिवस आले की ते आकडेवारीत उतरायला वर्ष जाते. फाट्यावर ते महिन्याभरात दिसू लागतात. दोघांत एकच प्लेट मागवली जाते. काळीपिवळी भरायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो. किराणा दुकानातली ‘उधार बंद’ची पाटी नव्याने रंगवली जाते, आणि पाटी नवी झाली म्हणजे उधारी वाढली आहे हे गिऱ्हाइकालाही कळते.

हे सगळे कॅमेऱ्यात येण्याजोगे आहे. तरीही मराठवाड्याच्या वाईट दिवसांचे म्हणून जे फोटो डोळ्यांपुढे येतात, ते तीनच जातीचे: भेगाळलेली जमीन, डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका आणि कपाळाला हात लावलेला शेतकरी. २०१३ चा दुष्काळ आणि २०१६ चा दुष्काळ या फोटोंतून वेगळे ओळखून दाखवणे कठीण आहे. अपवाद लातूरच्या पाण्याच्या गाडीचा. मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ १२ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. ते फोटो आजही तारखेसकट ओळखू येतात, कारण त्यांत त्या वर्षाची, त्या गावाची अशी एक नेमकी वस्तू आहे. भेगाळलेल्या जमिनीला तारीख नसते, गाव नसते आणि मालकही नसतो.

तंगीच्या काळातले रोजचे जगणे कॅमेऱ्याने कसे टिपावे, याचा एक फार मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, आणि तोही एका सरकारी खात्यात. १९२९ च्या मंदीनंतर शेती कोसळली, देशाच्या मधल्या मैदानी भागात वर्षानुवर्षे धुळीची वादळे उठली, लाखो कुटुंबे घरदार सोडून पश्चिमेला निघाली. १९३५ मध्ये तिथल्या पुनर्वसन खात्यात, म्हणजे पुढे १९३७ मध्ये जे फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन झाले त्या खात्यात, रॉय स्ट्रायकर नावाच्या अर्थशास्त्राच्या शिक्षकाकडे छायाचित्रांचा विभाग सोपवला गेला. स्वतः स्ट्रायकर काही छायाचित्रकार नव्हता. पण त्याने डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, रसेल ली, आर्थर रोथस्टीन, मॅरियन पोस्ट वॉलकॉट, गॉर्डन पार्क्स अशी माणसे जमवली आणि त्यांना देशभर पाठवले. १९४३ पर्यंत चाललेल्या या कामातल्या सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि कोणीही त्या फुकट पाहू शकतो, छापू शकतो.

स्ट्रायकरची खरी करामत त्याच्या याद्यांत होती. छायाचित्रकार गावाला निघाला की त्याच्या हाती काय काय टिपायचे याचे टिपण पडे. त्यात ‘दुःखी चेहरे’ असले काही नसे. लोक संध्याकाळी कुठे बसतात, घराच्या भिंतीवर काय टांगलेले असते, दुकानावरच्या पाट्या काय सांगतात, कामावर असताना आणि काम सुटल्यावर माणसे किती वेगळी दिसतात, असल्या गोष्टी असत. हा माणूस हुकूमशहाही होता. नापसंत निगेटिव्हला तो पंचने भोक पाडून टाकी, आणि अशी भोके पडलेली शेकडो चित्रे आजही त्या संग्रहात आहेत. पण यादीमागची त्याची समज पक्की होती. हलाखी चेहऱ्यापेक्षा व्यवहारात जास्त स्पष्ट दिसते.

हीच समज वारंगा फाट्याला लावून पाहावी. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि त्या दिवाळीच्या सुमारास बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. क्विंटलमागे आठ-नऊशे रुपयांचा हा खड्डा कोणत्या चेहऱ्यावर दिसणार? शेतकऱ्याचा चेहरा चाळीस वर्षे उन्हात रापलेला असतो. भाव चढला तरी तो तसाच दिसतो. पण आडतीवरून मिळालेली पट्टी हातात धरलेल्या माणसाचा फोटो घेतला, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि तळाची निव्वळ रक्कम वाचता येईल इतक्या जवळून, तर तो कागदच बोलतो. त्या पट्टीवर तारीख असते. कागद धरलेल्या बोटांची नखे त्याच चौकटीत असतात. बाजूला खताच्या दुकानाची पाटी आली तर एका चौकटीत शेतीचा जमाखर्च उभा राहतो.

हळदीचे दिवस आणखी बोलके. फेब्रुवारी ते एप्रिल या भागात शेताशेतांत हळद काढणे, शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश करणे चालते. कुकरमधून वाफ उठते, शिजलेले गड्डे आणि हळकुंडे उन्हात पसरली जातात, वेचणीला बायका बसतात. त्यांची बोटे, नखांच्या कडा, पदराचे टोक आणि पाण्याच्या बाटलीचे झाकणसुद्धा पिवळे झालेले असते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा बातम्यांबरोबर हळकुंडांच्या ढिगाचे फोटो छापले गेले. त्या ढिगामागच्या मजुरीचा दर मात्र क्वचितच कोणाच्या फोटोओळीत येतो.

फोटोओळ हा या सगळ्या प्रकरणातला दुर्लक्षित भाग आहे. लँगची गोष्ट त्यासाठीच पुन्हा सांगण्यासारखी आहे. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ पडला होता. गारठ्याने पीक गेले होते आणि काम नव्हते. लँगने तिथे एका बाईचे आणि तिच्या मुलांचे काही मिनिटांत सहा-सात फोटो घेतले. त्यातला शेवटच्या टप्प्यातला, दोन मुले पाठमोरी खांद्यांवर रेललेली आणि बाईचा हात गालाशी, असा फोटो ‘मायग्रंट मदर’ म्हणून जगभर गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात बातमी आली आणि सरकारने तळावर वीस हजार पौंड अन्नधान्य पाठवले. तोवर ते कुटुंब पुढच्या कामाच्या शोधात निघून गेले होते. लँगने बाईचे वय टिपले, बत्तीस, पण नाव विचारले नाही. ते नाव, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जगाला १९७८ मध्ये कळले. तेव्हा ती म्हातारी झाली होती आणि आपला फोटो काढलाच नसता तर बरे झाले असते, यातून आपल्याला एक छदामही मिळाला नाही, असे तिने सांगितले. लँगलाही फोटोवर हक्क नव्हता, तो सरकारी होता. १९८३ मध्ये थॉम्पसन आजारी पडली आणि मुलांनी मदतीचे आवाहन केले, तेव्हा त्या फोटोची आठवण ठेवून लोकांनी हजारो डॉलर पाठवले.

लँगवर राग धरण्याचे कारण नाही. एरवी फोटोओळी जपण्यात ती त्या चमूत सर्वांत काटेकोर होती. नवरा पॉल टेलर या अर्थशास्त्रज्ञाबरोबर १९३९ मध्ये तिने काढलेल्या ‘अ‍ॅन अमेरिकन एक्झोडस’ या पुस्तकात मजुरांची वाक्ये त्यांच्याच तोंडची म्हणून छापलेली आहेत. तिच्याकडूनही जे राहून गेले, ते घाईतल्या वार्ताहराकडून तर राहणारच.

भारतात उपासमारीचे फोटो याच्या कितीतरी आधीपासून निघत आहेत, आणि त्यांची सुरुवात काही अभिमानाने सांगावी अशी नाही. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्याला भोवला. मद्रासेकडे डब्ल्यू. डब्ल्यू. हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेली माणसे ओळीने बसवून फोटो घेतले. त्या काळच्या कॅमेऱ्याला तिकाटणे लागे, काचा लागत आणि न हलणारी माणसे लागत. उपाशी माणसात हलायचे त्राण नसते. फोटो झाल्यावर त्या लोकांना खायला न घालता परत पाठवले, असा आरोप हूपरवर त्याच काळात झाला आणि व्यंगचित्रातून त्याची टरही उडवली गेली. दुसरीकडे, इंग्लंडातल्या वाचकाला हिंदुस्थानातला दुष्काळ दिसला तो असल्याच फोटोंतून. कोणत्याही फोटोखाली एकाही माणसाचे नाव नाही.

वारंगा आणि हिंगोली तेव्हा निजामाच्या मुलखात होते. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात औरंगाबाद भागातल्या मदतकार्याचे फोटो काढले. हूपरला सापळे दाखवायचे होते, दरबाराला बंदोबस्त दाखवायचा होता. माणसे दोन्हीकडे दुष्काळातलीच असली, तरी फोटो कोणाला दाखवायचा आहे यावर चौकट ठरते.

या दरबारी परंपरेचा वारसा आज कुठे आहे, हे पाहायला संग्रहालयात जायची गरज नाही. रोजगार हमीच्या कामावर जावे. १ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या बहुतेक सार्वजनिक कामांवर मजुरांची हजेरी मोबाइल अ‍ॅपवर, जागेच्या अक्षांश-रेखांशासह, दिवसातून दोनदा फोटो काढून चढवणे सक्तीचे झाले. म्हणजे ग्रामीण भारतातल्या कष्टकऱ्यांचे इतके फोटो कोणत्याही स्ट्रायकरने स्वप्नातही पाहिले नसतील. रेंज नाही म्हणून फोटो चढला नाही तर मजुरी अडकते. आणि फोटो चढले तरी ते खरे असतीलच असे नाही: कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचाच काढलेला फोटो, प्रत्यक्ष माणसे आणि नोंदीतली माणसे यांचा न लागणारा मेळ असे प्रकार केंद्र सरकारनेच जुलै २०२५ च्या परिपत्रकात नोंदवले. महाराष्ट्रातल्या एका मजुराची २०२५-२६ ची दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. त्यासाठी तो दोन वेळा कॅमेऱ्यापुढे उभा राही, आणि त्यातला एकही फोटो त्याला परत मिळत नसे.

शेतकऱ्याच्या हातातही सरकारने कॅमेरा दिला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. खातेदाराने बांधावर उभे राहून आपल्या पिकाचा फोटो अ‍ॅपवर चढवायचा. पीकविम्यात नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांत द्यावी लागे, तेव्हा पाण्यात बसलेल्या सोयाबीनचे फोटो काढायला लोक गुडघाभर चिखलात उतरत. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा गावोगाव हेच चालले होते: एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाइल, चौकटीच्या कोपऱ्यात तारीख आणि अक्षांश-रेखांश छापणारे अ‍ॅप. ज्याला मोबाइल जमत नाही तो पोराला, पुतण्याला घेऊन जातो, नाहीतर सेवा केंद्रावर रांग लावतो. दृश्यकलेच्या कोणत्याही अभ्यासक्रमात याची गणना होत नसेल. पण आपल्या संकटाचा पुरावा आपणच, आपल्या हाताने, ठिकाण आणि वेळेसह नोंदवणारे इतके लोक याआधी कधी नव्हते. गंमत अशी की हे सगळे चित्र पिकाचे आहे. माणूस त्यात आलाच तर चिखलातल्या सावलीपुरता.

साहेबासाठी काढलेला फोटो आणि लोकांसाठी काढलेला फोटो यातला फरक भारतात प्रथम ठळकपणे दिसला तो १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांनी सुनील जाना या पंचविशीतल्या तरुणाला आणि चित्रकार चित्तप्रसाद यांना दुष्काळी भागात नेले. जाना यांचे फोटो पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’ या इंग्रजी साप्ताहिकात छापले गेले. हे साप्ताहिक मुंबईहून निघे, आणि पुढे जाना मुंबईलाच पक्षाच्या कार्यालयात राहू लागले. त्यांच्या फोटोंची पोस्टकार्डे करून दुष्काळग्रस्तांसाठी पैसा उभा केला गेला. मरणाऱ्या माणसापुढे कॅमेरा धरावा लागतो याची बोच त्यांनी नंतर अनेकदा बोलून दाखवली. त्यांचे मोठेपण याच्या पुढचे आहे: दुष्काळ सरल्यावर त्यांनी कॅमेरा ठेवून दिला नाही. कोळसा खाणी, कारखाने, कोळी, शेतमजूर, आदिवासी यांचे रोजचे काम ते वर्षानुवर्षे टिपत राहिले.

महाराष्ट्रात १९७२-७३ चा दुष्काळ हा पिढ्यांच्या आठवणीतला. खडी फोडणे, पाझर तलाव, सुकडी, लाल मिलो. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवरची हजेरी पन्नास लाखांच्या जवळ पोचली होती. त्यातूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. मराठवाड्यात आजही वय सांगताना ‘बहात्तरच्या दुष्काळात मी एवढा होतो’ असे सांगणारे लोक भेटतात. ज्यांच्या घरी त्या वर्षाचा एखादा फोटो असतो, तो बहुधा तालुक्याच्या स्टुडिओत, कागदी फुलांच्या कुंडीशेजारी काढलेला असतो. दुष्काळी कामावरचा नसतो.

ही उणीव ज्यांनी जाणून भरायचा प्रयत्न केला त्यांत पत्रकार पी. साईनाथ यांचे नाव आधी घ्यावे लागते. ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने मराठीत आलेले त्यांचे पुस्तक पुष्कळांनी वाचले आहे. त्यांचे फोटो तितके पाहिले गेलेले नाहीत. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरताना त्यांनी बायकांच्या कामाचे फोटो काढले: वीटभट्टी, लावणी, सरपणाच्या मोळ्या, गुरे, बाजार. ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’ या नावाचे ते प्रदर्शन कलादालनांत अडकून राहिले नाही. ते बसस्थानकांवर, रेल्वे स्टेशनांत, कारखान्यांत आणि शेतमजुरांच्या मेळाव्यांतही मांडले गेले. ज्या बाईने आयुष्यभर मोळी वाहिली तिने मोळीचा फोटो पाहिला आणि दोरी कशी बांधली आहे यावर टीका केली, तर तो समीक्षकाच्या शेऱ्याइतकाच मोलाचा शेरा. २०१४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण संग्रहात आज मराठीसह अनेक भारतीय भाषांत मजकूर आणि फोटो आहेत, आणि फोटोओळीत माणसाचे नाव, गाव, काम असण्याचा आग्रह आहे.

फाट्यावरून जी वाट अकोल्याला जाते, तिच्या टोकाला सुधारक ओलवे यांचे जन्मगाव आहे. अकोल्यात १९६६ मध्ये जन्मलेले ओलवे मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार झाले आणि नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढायला सुरुवात केली. हे कामगार बहुतांश दलित. गटारात उतरलेला, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या चिखलाने माखलेला माणूस हा फोटो सहज मिळतो, आणि तो एकदा छापला की वाचक हळहळून पान उलटतो. ओलवे तिथे थांबले नाहीत. ते त्या माणसाच्या मागोमाग त्याच्या चाळीत गेले, त्याच्या घरात, त्याच्या कुटुंबाकडे, त्याच्या व्यसनाकडे आणि त्याच्या मुलांच्या अभ्यासाच्या पुस्तकांकडे. काळे-पांढरे हे फोटो देशाबाहेरही गेले, २०१३ मध्ये त्यांचे पुस्तक झाले, २०१६ मध्ये ओलवे यांना पद्मश्री मिळाली. अमेरिकेत १९४२ मध्ये गॉर्डन पार्क्सने वॉशिंग्टनच्या सरकारी इमारतीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन या बाईला राष्ट्रध्वजापुढे झाडू आणि पोछा घेऊन उभे केले तो फोटो प्रसिद्ध आहे. त्यानंतर पार्क्स कित्येक आठवडे तिच्या घरी, तिच्या चर्चमध्ये जात राहिला हे कमी प्रसिद्ध आहे. दोघांच्याही बाबतीत पहिला फोटो नाव मिळवून देतो आणि बाकीचे फोटो त्याला खरे ठरवतात.

एकाच दृश्याचा फोटो पुरेसा ठरल्याचीही दोन उदाहरणे महाराष्ट्रात आहेत, आणि दोन्हींत चेहरा नाही. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला किसान सभेचा मोर्चा १८० किलोमीटर चालून १२ मार्चच्या पहाटे मुंबईच्या आझाद मैदानात पोचला. दहावीच्या परीक्षा चालू होत्या, मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्री चालण्यात आला. सोललेल्या, फोड आलेल्या, चपला तुटलेल्या तळपायांचे फोटो तेव्हा घरोघरी पोचले आणि एरवी मोर्च्याने वाहतूक अडते म्हणून कुरकुरणारी मुंबई पाणी आणि बिस्किटे घेऊन रस्त्यावर आली. दुसरे उदाहरण मराठवाड्यातलेच. टाळेबंदीत जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशचे मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांमधल्या खडीवर विखुरलेल्या चपात्यांचा फोटो त्या दिवशी देशाने पाहिला. मृतदेह न दाखवता त्या मजुरांची शिदोरी किती होती, ते किती दिवसांच्या तयारीने निघाले होते, एवढे सगळे त्या चपात्यांनी सांगितले.

असे फोटो मागून मिळत नाहीत, आणि त्यांची वाट पाहत बसणे हे तर या कामातले मोठे व्यसन आहे. वृत्तपत्राला अपघात हवा असतो, स्पर्धेला सुरकुत्या हव्या असतात. वारंगा फाट्यासारख्या ठिकाणी मात्र वर्षातले साडेतीनशे दिवस काहीच ‘घडत’ नाही आणि तंगी नेमकी त्याच दिवसांत असते. सोने तारण कर्जाच्या फलकाखाली थांबलेले जोडपे. हप्ता भरायला जमलेला बचत गट आणि वसुलीवाल्याची मोटारसायकल. विकायला काढलेली जुनी दुचाकी, तिच्यावर चिकटवलेला कागद. पहाटे मजुरांच्या गाडीत चढणारी बाई, जिच्या पिशवीत डबा आहे आणि पोरीचे दप्तरही. यातली एकही चौकट पुरस्कार मिळवणार नाही. वीस वर्षांनी ज्याला या भागाचा इतिहास लिहायचा आहे, त्याला त्या भेगाळलेल्या जमिनीपेक्षा याच चौकटी लागतील.

हे काम बाहेरच्या मोठ्या छायाचित्रकारापेक्षा स्थानिक माणसाला चांगले जमेल, कारण त्याला आधीची स्थिती ठाऊक असते. तालुक्याच्या गावात स्टुडिओवाला असतोच. तोच लग्ने करतो, तोच वृत्तपत्राला फोटो देतो, तोच पासपोर्ट फोटो काढतो. त्याच्याकडे हार्डडिस्कवर लग्नांची पंचवीस वर्षे पडून आहेत आणि त्यांतून मांडव, जेवण, दागिने यांचा चढ-उतार वर्षवार दिसतो. तो स्वतः त्याला इतिहास मानत नाही; जागा भरली की जुने पुसून टाकतो. मोबाइलचे तर विचारूच नये. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची लपलेली नोंदही गळून पडते. म्हणजे पुराव्याचा जीव जातो आणि चित्र तेवढे उरते.

राहिला प्रश्न परवानगीचा. रस्त्यावर फोटो काढायला कायदा सहसा आडवा येत नाही, म्हणून काढणाऱ्याला सगळेच माफ होते असे नाही. कर्जाच्या रांगेत उभा असलेला माणूस ओळखीच्या गावात ओळखला जातो; उद्या त्याच्या मुलीच्या सोयरिकीत तो फोटो निघू शकतो. अशा वेळी हात, पट्टी, पिशवी, पाठ पुरते. चेहरा हवाच असेल तर आधी काका, मावशी म्हणून दोन शब्द बोलावेत, फोटो कशासाठी ते सांगावे, काढल्यावर पडद्यावर दाखवावा आणि ‘नको’ म्हटले तर तिथेच पुसावा. नाव छापायचे की नाही हे त्यांनीच ठरवावे.

तेव्हा फाट्यावर खिचडीसाठी थांबणाऱ्यांनी आणि तिथेच राहणाऱ्यांनीही एवढे करावे. मूळ फाइल जपून ठेवावी, व्हॉट्सअ‍ॅपची प्रत नव्हे. वर्षातून दहा-वीस फोटो तरी जवळच्या स्टुडिओत कागदावर छापून घ्यावेत, मागे पेन्सिलने तारीख, गाव, काम आणि त्या दिवशीचा भाव किंवा मजुरी लिहावी. एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी, आणि दुसरी, ज्याचा फोटो आहे त्याच्या घरी.